सदर इसम येथे राहत नाही

जिंतूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकचे टेबल सांभाळणारे भगवानराव खिल्लारे यांची अशी ठाम श्रद्धा होती, की आलेल्या प्रत्येक कागदाला सात दिवसांच्या आत उत्तर गेले पाहिजे. ही शिकवण त्यांना कोणत्या वरिष्ठाने दिली याचा शोध लागत नाही. त्यांच्या वरिष्ठांपैकी कोणी ती स्वतः पाळल्याचे आढळत नाही. वालूरच्या बौद्धवाड्यातून मॅट्रिकपर्यंत पोचलेला हा पहिला मुलगा. एका छापील कागदाने त्यांना मातीवरून उचलून खुर्चीवर बसवले होते. तेव्हा कागदाविषयी त्यांना वाटणारा आदर समजण्यासारखा होता. कागदाला त्यांच्याविषयी काय वाटत होते, हे कळायला मात्र तीन वर्षे लागली.

१९७४ च्या उन्हाळ्यात त्यांना धोंडप्पा नावाच्या किराणा व्यापाऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. त्याआधी गावातल्या चार घरमालकांच्या रिकाम्या खोल्या त्यांना पाहताच 'कालच गेल्या' होत्या. धोंडप्पांनी त्या मानाने मोठेच औदार्य दाखवले. त्यांनी जात विचारली नाही. फक्त गाव विचारले, मग वडिलांचे नाव, मग घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते. आणि एवढ्या माहितीवर समाधान मानून भाडे पाच रुपयांनी वाढवले.

"याच्या आदी हितं आबासाहेब ऱ्हात व्हते," किल्ली देताना ते म्हणाले. "विस्तार अधिकारी. लय मोठा मानूस. तुमी बी तसंच ऱ्हावा."

आबासाहेब कसे राहत होते, हे पहिल्याच महिन्यात कळले. पोस्टमन लिंबाजी त्यांच्या नावाचे एक लांबट पाकीट घेऊन आला. भगवानरावांनी त्यावर सुवाच्य अक्षरात 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा मारून ते परत केले. दुसरे आले, तेही परत गेले. तिसरेही गेले. चौथ्या पाकिटावर मात्र आबासाहेबांच्या नावाखाली 'किंवा सदर घरात राहणारा इसम' अशी ओळ वाढवलेली होती. भगवानरावांनी तिचा नीट विचार केला. ते घरात राहत होते आणि ते इसमही होते. त्यांनी पाकीट फोडले.

आत फुलस्केप कागदावर सायक्लोस्टाईल केलेली नोटीस होती. परभणीच्या एका पतपेढीकडून आबासाहेबांनी १९७२ साली शिवणयंत्रासाठी कर्ज घेतले होते. पहिला हप्ता भरून उरलेल्यांच्या बाबतीत त्यांनी मौन पाळले होते. कर्ज न फिटल्यास यंत्र जप्त होईल, असे नोटिशीत म्हटले होते. यंत्राच्या क्रमांकासाठी सोडलेली जागा कोरी होती.

भगवानरावांची पत्नी सत्यशीला हिने तो कागद उलटा करून पाहिला. "एका बाजूनं कोराच हाय की. बाही बेतायला लय चांगला."

भगवानरावांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "सरकारी कामाचा कागद हाय. कातरी लावू नको."

"पतपेढी कदी सरकारी झाली?"

"उत्तर द्यावं लागतंय म्हंजे सरकारीच."

सत्यशीलेच्या कात्रीला कागदाची गरज होती, कारण तिच्याकडेही एक शिवणयंत्र होते. तिची आई सगुणाबाई हिने येलदरीच्या धरणावर सहा वर्षे डोक्यावर माती वाहिली. काम संपून तिथली वसाहत मोडली, तेव्हा एका ओव्हरसियरच्या बायकोकडून तिने हे जुने यंत्र विकत घेऊन लेकीला दिले होते. गल्लीतल्या बायका सत्यशीलेकडे चोळ्या-पोलकी शिवायला टाकत. तिच्या घरचे पाणी त्यांना चालत नसे, पण तिने घेतलेले अंगाचे माप बिनचूक असते हे त्या एकमेकींना मोकळेपणाने सांगत. वालूरला राहणाऱ्या सासू-सासऱ्यांचा महिना त्या यंत्रावर चालत होता. यंत्र गेले असते तर कारकुनाच्या पगारात दोन चुली पेटणे कठीण होते.

हे सर्व भगवानरावांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी पतपेढीला असे उत्तर लिहिले, की कोणाच्याही मनात शंका उरू नये. आबासाहेब बदलून गेले आहेत. आपण त्यांचे कोणी नाही. तथापि वस्तुस्थिती दडवणे योग्य नसल्याने नमूद करण्यात येते, की सदर घरात एक शिवणयंत्र आहे, परंतु ते आपल्या पत्नीचे आहे. यंत्राची बनावट, रंग आणि पायथ्यावर कोरलेला सात आकडी क्रमांक खाली 'तुलनेसाठी सादर' केला आहे. उत्तर त्यांनी रजिस्टरने पाठवले आणि पोचपावती फाइलला लावली.

पतपेढीच्या कारकुनाला इतके उपयुक्त पत्र त्याच्या कारकिर्दीत आले नसावे. त्याच्या नोंदवहीत यंत्राच्या क्रमांकाचा रकाना दोन वर्षे रिकामा होता. त्याने तो भरून टाकला.

पुढच्या वर्षी सगळीकडे शिस्तीचे वारे सुटले आणि आपण वसुलीही करतो याची पतपेढीला आठवण झाली. सूर्यभान नावाचे वसुली अधिकारी जप्तीचा हुकूम घेऊन एके सकाळी हजर झाले. पंच म्हणून त्यांनी हाताशी असलेले दोघे घेतले : घरमालक धोंडप्पा आणि टपाल वाटत आलेला लिंबाजी. सूर्यभान यंत्रापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला.

"नंबर जुळतोय," ते म्हणाले.

"साहेब, तो नंबर मीच कळवला व्हता," भगवानराव म्हणाले.

"म्हंजे तुमाला मान्य हाय."

"मान्य न्हाई, तुलनेसाठी कळवला व्हता."

"तुलना केली की. तंतोतंत जुळला." सूर्यभान मनापासून खूश झालेले दिसले.

सत्यशीला अर्धवट शिवलेले पोलके हातात घेऊन उभी होती. "माज्या मायनं धरनावर माती वाहून घेतलीय ही मशीन."

"पावती हाय का?"

"मातीची पावती कुनी देतंय का?" मग ती घरमालकाकडे वळली. "आप्पा, आबासायबाची मशीन ट्रकात तुमीच चढवली म्हनला व्हता ना?"

"चढवली की. सोता हात लावला," धोंडप्पा म्हणाले. "पन पंचनाम्यात हितं काय हाय ते लिहित्यात, बाई. तिकडं काय गेलं ते न्हाई."

"मग यांला त्यांचा पत्ता तरी सांगा."

"पत्ता हाय माझ्याकडं. त्यांच्या पोरीच्या लग्नाला मी जाऊन आलोय." धोंडप्पांनी सही करून लेखणी पुसली. "पन मोठ्या मानसाचा पत्ता असा कुनालाबी देत न्हाईत."

सूर्यभानांनी मान डोलावली. त्यांनाही तो मागणे प्रशस्त वाटले नव्हते.

यानंतर न्यायाचा प्रश्न संपला आणि वाहतुकीचा सुरू झाला. परभणीची एस.टी. भरून यायची, यंत्र टपावर चढवायला हमाल लागला असता, आणि हमालीची तरतूद हुकुमात नव्हती. तेव्हा सूर्यभानांनी सुपूर्दनामा लिहिला : जप्त यंत्र पुढील आदेशापर्यंत भगवानराव खिल्लारे यांच्या ताब्यात राहील, त्यांनी ते याच घरात, चालू स्थितीत सांभाळावे, न सांभाळल्यास किंमत त्यांच्याकडून वसूल केली जाईल. अशा रीतीने भगवानराव आपल्याच बायकोच्या यंत्राचे, आबासाहेबांच्या वतीने, राखणदार झाले. त्यांनी सही केली. तारीखही घातली.

साहेबांची पाठ वळताच सत्यशीला पुन्हा यंत्रावर बसली.

"अगं, जप्त हाय ते," भगवानराव म्हणाले.

"चालू स्थितीत ठिवा म्हनलेत ना? चालवल्याबिगर चालू कसं ऱ्हाईल?"

सुपूर्दनामा पुन्हा वाचून पाहिल्यावर हा अर्थ त्यात बसतो, असे भगवानरावांना मान्य करावे लागले.

पावणेदोन वर्षे असे चालले. १९७७ च्या जूनमध्ये भगवानरावांची बदली सोनपेठला झाली आणि 'याच घरात' हे दोन शब्द त्यांच्या छातीवर येऊन बसले. यंत्र नेले तर सही मोडणार. ठेवले तर पुढच्या भाडेकरूची बायको त्यावर पोलकी शिवणार. त्यांनी पतपेढीकडे परवानगी मागितली. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले. दर महिन्याला न चुकता लिहिणारी ती संस्था अचानक अबोल झाली. रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भगवानराव दारात उभे राहून लिंबाजीची वाट पाहत होते.

"आबासायबानं जाताना कुनाला इचारलं व्हतं?" सत्यशीलेने विचारले. ती यंत्राला गोणपाट गुंडाळत होती.

"त्यांची गोष्ट येगळी."

"येगळी काय? त्यांनी सही कशी मोडायची ते शिकलं, तुमी कशी करायची ते. माय सहा वर्सं माती वाहत व्हती, अन तुमाला त्या कागदाची लाज वाटायलीय?"

भगवानरावांनी गोणपाटाची दोरी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः गाठ मारली. सकाळी त्यांनी ते यंत्र पाठीवर घेऊन एस.टी.च्या शिडीने टपावर चढवले. कचेरीतल्या माणसाने असे करू नये, असे स्टँडवरच्या दोघातिघांचे मत पडले.

लिंबाजी निरोप द्यायला आला होता. "भगवानराव, नवा पत्ता सांगून ठिवा. टपाल पुडं पाठवतो."

"कळवतो," भगवानराव म्हणाले. त्यांनी तो कधी कळवला नाही.

पतपेढीने नंतर त्यांना यंत्राच्या किमतीसाठी अनेक पत्रे लिहिल्याचे समजते. धोंडप्पांकडे आलेले नवे भाडेकरू त्यांवर 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा मारतात. पत्ता धोंडप्पांकडे याही वेळी मागण्यात आला, आणि या वेळी त्यांनी तो तत्परतेने दिला असता. पण तो त्यांना ठाऊकच नव्हता.

सोनपेठच्या खोलीत बिऱ्हाड लागून महिना झाला नाही तोच तिथल्या पोस्टमनने एक लांबट पाकीट आणून दिले. त्यावर आधीच्या भाडेकरूचे नाव होते, आणि खाली 'किंवा सदर घरात राहणारा इसम'. भगवानरावांनी ते फोडले, कागद पूर्ण वाचला, सवयीने खिशातले पेन काढले. मग ते पुन्हा खिशाला लावून त्यांनी कागद उलटा केला आणि यंत्रावर बसलेल्या सत्यशीलेपुढे धरला.

"बग, बाही बसंल का यात?"

तिने कागद वितीने मोजला.

"फुग्याची न्हाई बसायची," ती म्हणाली. "साधी बसंल."