चंद्राक्काच्या कागदांसाठी: कोरेगाव ते जत

सकाळच्या गाडीने पुणे सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत चार मऊ ब्रश, टीपकागदाची गड्डी, पातळ पात्याची एक सुरी आणि कार्यालयाचा छापील फॉर्म होता. जुने कागद वाचवणं हे माझं काम. चळवळींची, एकेकट्या लढलेल्या माणसांची दप्तरं आमचं छोटं संग्रहालय गोळा करतं. मी ती झटकते, सांधते आणि त्यांची यादी करते.

आठवड्यापूर्वी फोन आला होता. "सुभेदार बोलतोय, कोरेगावास्नं. रिटायर. चंद्राचा भाऊ म्या, आमच्याकडं तिची ट्रंक हाय. कागदं हायत. न्यायची तर लवकर या, घराचं काम काढलंय."

चंद्रा म्हणजे चंद्राक्का. जत तालुक्यात तृतीयपंथीयांच्या रेशनकार्डासाठी, मतदार यादीतल्या नावासाठी, स्मशानातल्या जागेसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिलेली कार्यकर्ती. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पुण्यातल्या सभेत. माइक बाजूला सारून ती बोलली होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. गेल्या पावसाळ्यात ती वारली. तिला भाऊ आहे, हे मला त्या फोनमुळेच कळलं.

आदर्कीचा घाट ओलांडून गाडी वाठारला आली तशी खिडकीबाहेर ऊस दिसू लागला. तोडणी संपत आली होती. कोरेगावच्या स्टेशनावर हणमंतराव सुभेदार स्वतः आले होते. सत्तरीचे, ताठ, पायात पॉलिश केलेले बूट. मोटारसायकलवर मागे बसताना मी विचारलं, "चंद्राताई तुमच्याहून लहान?"

"सा वर्सांनी. आमचा चंदू लय हुशार व्हता. म्हंजी, व्हती." आणि त्यांनी किक मारली.

ट्रंक लष्करी हिरवी, त्यांचीच. आत पांढऱ्या मांजरपाटात शिवलेली पार्सलं, एकावर एक. प्रत्येकावर जतचा शिक्का, आणि एकाचीही शिवण उसवलेली नव्हती.

"दर साल एक यायचं," सुभेदार म्हणाले. "जतला तिला कोण वर्सावर खोली ठेवू देईना. खोली सोडली की कागदं हिकडं धाडायची. 'उघडू नको, ठेव' म्हणायची. ठेवली."

"आणि त्या स्वतः?"

"वडील व्हते तवा तिला दारात उभं करत न्हवते. म्या सुट्टीवर आलो की भेटायचो. स्टँडवर. च्या प्यायचो." ते ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिले. "वडील गेल्यावर बी ये म्हणलं न्हाई म्या. का, ते मलाच ठावं न्हाई."

पार्सलं मी उसवली. अर्ज, अर्जांच्या पोचपावत्या, निवेदनं, बसची तिकिटं, फोटो. दोन पार्सलांत कसर (कागद खाणारा रुपेरी किडा) लागली होती, बाकी सगळं कोरडं आणि शाबूत. शेवटच्या पार्सलात वरच एक चिठ्ठी होती: "दादा, यातला एकबी कागद टाकू नको. आमी व्हतो, ह्ये दाखवाया दुसरं काय न्हाई आमच्याकडं." चिठ्ठी मी दोनदा वाचून दाखवली. देणगीपत्राहून पक्का आधार मिळाला, असं मनात म्हटलं.

सुभेदारांनी हळूच विचारलं, "माझ्यावर काय लिवलंय का त्यात?"

संध्याकाळपर्यंत मी पानं चाळली. त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. हे ऐकून त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. ते उठून परसात गेले आणि जेवायची वेळ झाली तरी परत आले नाहीत.

त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी वाघ्या घेवड्याची (चट्ट्यापट्ट्यांचा इथला राजमा) आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली. "आमी दोघी कवाच बोललो न्हाई," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "पर ती गेल्याचं बारा दिसांनी यष्टीच्या कंडक्टरकडनं कळलं, तवा ह्यांनी गावाला न सांगता डोई करून घेतली. लोकांस्नी म्हणलं, उवा झाल्यात."

जेवणानंतर सुभेदार आत आले, तेव्हा फॉर्म भरायला घेतला. देणाऱ्याचं नाव त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं. पुढची ओळ होती: मृत व्यक्तीशी नातं. त्यांनी 'भाऊ' लिहिलं. त्याखाली: मृत व्यक्ती आपली कोण? पेन थांबलं. "ह्ये तुमी भरा," ते म्हणाले. मलाही भरता आलं नाही. त्यांच्या घरातला शब्द मी कसा लिहायचा? ओळ कोरी राहिली. ट्रंक टेम्पोने पुण्याला पाठवायची ठरली. निघताना त्यांनी सांगितलं, जतला चंद्राची एक चेली (गुरूच्या घरात दीक्षा घेतलेली शिष्या) आहे, रेणुका, तिच्याकडेही कागद असतील.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने सांगली गाठली. मार्केट यार्डाजवळून रिक्षा गेली तेव्हा हळदीचा वास नाकात बसला तो बसलाच. स्टँडवर भडंग (तिखट, लसूण घातलेले चुरमुरे) घेतलं आणि जतच्या बसमध्ये खिडकी धरली. मिरज मागे पडलं तसा ऊस विरळ झाला, मग द्राक्षाचे मांडव, आणि कवठेमहांकाळच्या पुढे नुसतं माळरान, त्यावर मेंढ्यांचे कळप. पाट्यांवर मराठीखाली कानडी दिसू लागली. मला झोप लागली आणि मी एक थांबा पुढे उतरले.

जतमध्ये पत्ता शोधणं सोपं जाईल असं वाटलं होतं. चहावाल्याने "चंद्राक्का" म्हटल्यावर ज्या घरी पाठवलं तिथे त्याच नावाच्या एक आजी घोंगडीला काठ भरत होत्या. त्या पोटभर हसल्या आणि मला देवळाकडे पाठवलं. देवळात म्हणाले, अशी बाई आम्हाला ठाऊक नाही. शेवटी रेशन दुकानदाराने डोक्याला हात लावला. "अर्जवाली अक्का म्हना की! आवं, तिनं मला लय तरास दिला. समदी कार्डं काढून घेतली तवा गप बसली." आणि दुकान उघडं टाकून मला गल्लीपर्यंत सोडायला आला.

रेणुका शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. चाळिशीची, जाड काचांचा चष्मा, कपाळभर हळद. "कुंद्रि (बसा)," म्हणाली आणि मी फॉर्म काढताच तिचा चेहरा बदलला.

"भावानं सही केली? त्यो कोण सही करनार? आमच्यात गुरू गेला की मागचं समदं चेल्याचं. कागद बी, कर्ज बी, सुतक बी. बारा दिस म्या पाळलं."

माझ्या फॉर्ममध्ये रक्ताच्या नात्याची ओळ होती, चेलीची नव्हती. तसं मी म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "मग फारम चुकलाय."

मी चिठ्ठीचा फोटो दाखवून ती वाचून दाखवली. एकबी कागद टाकू नको. रेणुकाने चष्मा काढून पुसला.

"मला येगळं सांगितलं तिनं. शेवटच्या दिसात. 'जाळून टाक' म्हणली."

"काय जाळून टाक?"

"त्येच तर! म्या इचारलं, समदं का? तिनं डोळं मिटलं. परत बोलली न्हाई." तिने पलंगाखालून साडीत बांधलेलं गाठोडं ओढलं. "मी शिकले कानडी शाळंत. मराठी बोलता येतं, लिवलेलं न्हाई. काय जाळायचं आन काय ठेवायचं, मला कसं कळनार? आठ म्हयनं ह्ये असंच हाय. तुमी वाचा. मी ऐकते. मग बघू."

म्हणून मी वाचत बसले. इतक्या वर्षांच्या कामात मी कागद कुणाला मोठ्याने वाचून दाखवला नव्हता. टँकर गल्लीत येण्यासाठी अर्ज. त्याचं स्मरणपत्र. स्मरणपत्राचं स्मरणपत्र. रेणुका मध्येच हसायची, मध्येच पदर तोंडाला लावायची. वाचता वाचता खरंच टँकरचा भोंगा वाजला आणि ती घागरी घेऊन पळाली. रांगेतल्या बायकांनी सरकून तिला मध्ये घेतलं. पूर्वी तिला शेवटी उभं करायचे, टँकर रिकामा होईपर्यंत. त्यावरचा अर्ज मी नुकताच वाचला होता.

गाठोड्याच्या तळाशी शंभर पानी वही होती. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: माणसं. पहिल्या पानांवर चंद्राक्काने स्वतःविषयी लिहिलं होतं. पुढे तिच्याकडे गुपचूप येऊन गेलेल्यांच्या नोंदी: नाव, गाव, काय म्हणाले. "आईला अजून सांगितलं नाही." "आरशात बघायला भीती वाटते म्हणाली." तिसरं नाव मी वाचलं आणि रेणुका म्हणाली, "थांबा."

बाहेर कुणी भांडी घासत होतं. "दोन घरं सोडून," ती कुजबुजली. "लगीन झालंय. मला बी ठावं न्हवतं."

आता मला वाटलं, जाळायचं ते हेच. पण तसं ठामपणे कसं म्हणायचं? आजारी माणसाने मिटलेले डोळे एका बाजूला आणि स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या बाजूला. मी माझ्या कामातला उपाय सांगितला: वही बंद पाकिटात, कुलपाच्या कपाटात ठेवू, पन्नास वर्षं कुणाला दाखवणार नाही.

"किल्ली कुनाकडं ऱ्हानार?"

"संग्रहालयाकडे."

"म्हंजी कुनाकडं?"

मी लागल्यापासून आमचे प्रमुख तीनदा बदलले, जागा दोनदा. पन्नास वर्षांनी तिथे कोण असेल, मला माहीत नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, "भावाला इचारा. चिठ्ठी त्येला हाय." मी फोन लावून मध्ये ठेवला.

"कोण?" सुभेदारांचा आवाज.

"मी रेणुका. अक्काची."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग: "शेवटी लय तरास झाला का?"

"न्हाई दादा. दुपारी पानी मागितलं. पिली. आन गेली."

"मला का कळवलं न्हाईस?"

"लंबर न्हवता. अक्का द्यायचीच न्हाई. म्हणायची, दादाला गावात तोंड दाखवायचं असतं."

पलीकडे सुमनकाकूंचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. मी वहीची गोष्ट सांगितली. सुभेदारांनी फार वेळ घेतला नाही. "तिच्यासंगट ही ऱ्हायली, म्या न्हाई. वहीचं ही ठरवंल." मग म्हणाले: "आन मॅडम, फारमवर ती ओळ ऱ्हायली व्हती. बहीण लिवा."

रेणुका रडली नाही. तिने चुलीकडे बघितलं. "अक्काची सवताची पानं ठिवा. ज्यांनी तिच्यासंगं कचेरीसमोर बसून उपास केला, त्यांची नावं तर पेपरात आलीत; ती बी ठिवा. बाकीची काढा. पर मला वाचून दाखवू नगा. कुनाचं काय, मला नको कळाया."

म्हणजे निवड माझ्यावर आली. फाटलेले कागद सांधताना कड सरळ करायला ठेवलेली सुरी मी बाहेर काढली. मनातल्या मनात वाचायचं, ठरवायचं, कापायचं. एक पान वाकडं कापलं गेलं. एका पानावर नाव अक्कानेच खोडलं होतं, पण उजेडात धरलं की वाचता येत होतं. त्याखाली एवढंच: "आज पहिल्यांदा हसली." ते पान मी दोनदा बाजूला ठेवलं, दोनदा परत घेतलं. शेवटी कापलं.

रेणुकाने पानं एकेक करून चुलीत घातली आणि वर आधण ठेवलं. त्याच जाळावर चहा झाला. शेंगाचटणी आणि भाकरी पुढे आली. मी चहा प्याले. तो मला गोड लागला, हे कबूल करताना अजून अवघडायला होतं.

फॉर्मवर 'बहीण' लिहिलं. खाली रिकाम्या जागेत पट्टीने नवी ओळ आखून 'चेली' असं लिहिलं, आणि तिथे रेणुकाने कानडीत सही केली. रात्र रेणुकाकडेच काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने सांगली, तिथून गाडी. गाठोडं मांडीवर घेऊन मी बसले होते. समोरच्या काकूंनी विचारलं, "लेकीकडनं आलात?" मी हो म्हणाले. खरं सांगायला कुठून सुरुवात करायची, ते सुचलं नाही.

चूक केली की बरोबर, याचा विचार सगळ्या वाटेने चालू होता आणि कराड येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी दहा वेळा फिरले. चंद्राक्काने ती नावं लिहिली, म्हणजे ती राहावीत असं तिला कधीतरी वाटलं असेल. जाळ म्हणाली, म्हणजे नंतर वाटलं नसेल. का दोन्ही एकाच वेळी वाटत होतं? ट्रंकेत शोधून हे सापडणार नाही.

ट्रंक चार दिवसांनी पोचली. आमच्या नोंदवहीत प्रत्येक दप्तराच्या नुकसानीचा रकाना असतो. तिथे मी नेहमी कसर, वाळवी, ओल, उंदीर असं लिहिते. 'माणसं' या वहीसमोर लिहिलं: आतील काही पाने कापून काढलेली. कारणाच्या जागी माझं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.