उसन्या मुलांची शाळा

त्या टेम्पोचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. जे. पी. नगरच्या घरात माझ्या येरझाऱ्या सुरू होतात आणि बायको म्हणते, "झाली यांची गस्त सुरू."

तेव्हा मी बेंगळुरूबाहेरच्या एका छोट्या गावात पोलीस निरीक्षक होतो. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांना मोबाइलवर ऊत आला होता. सकाळची हजेरी चालू असतानाच बसथांब्यावरच्या फुलवालीचा फोन आला.

"अण्णा, टेम्पोभर मुलं आहेत. आपल्या गावातलं एकही नाही. लोक ड्रायव्हरला मारायला उठलेत, बेग बेग, लवकर या."

गर्दी पांगवून टेम्पो ताब्यात घेतला. मुलांच्या अंगावर सरकारी हायस्कूलचा कोरा गणवेश होता. शाळेतच सोडायला सांगितलंय, असं ड्रायव्हर हात जोडून सांगत होता. टेम्पो शाळेत नेला. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या. "सगळी माझीच मुलं," त्या ठामपणे म्हणाल्या. मुलांनीही पढवल्यासारखं शाळेचं नाव घडाघडा सांगितलं.

लहान मुलांची उलटतपासणी करण्यात अर्थ नसतो. दटावलं की रडतात, चुचकारलं की आपल्याला हवं ते बोलतात. मी एवढंच म्हणालो, "सरी, ठीक आहे, आपापल्या वर्गात जा."

एकही हललं नाही. फाटकाशी उभी असलेली, याच शाळेतली नववीची एक मुलगी तेवढी दप्तर सावरत सरळ आत गेली.

बाईंचा चेहरा उतरला. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्या मराठीत बोलू लागल्या. त्यांचंही घराणं आमच्यासारखंच इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं.

"आज तपासणी आहे, सर. पट कमी दिसला तर ही शाळा तालुक्याच्या शाळेत विलीन करतील. माझी बहीण बेंगळुरात शिवाजीनगरला शिकवणी घेते, तिथली मुलं आणली. त्यांच्या घरी सहल म्हणून सांगितलंय."

"निकाल कसा आहे शाळेचा?"

"दहावीला बसलेली सगळी पास. पण निकाल बघतो कोण? लोकांना टाय पाहिजे, इंग्लिश पाहिजे. आता ती आत गेली ना, तिचा बाप तिला बसनं तालुक्याला पाठवणार नाही. ही शाळा गेली की तिचं शिक्षण संपलं."

"म्हणून दुसऱ्याची लेकरं खोटं सांगून आणायची? त्या ड्रायव्हरचा आज जीव गेला असता, बाई."

मी चिडलो होतो, आणि मला त्यांचं वाईटही वाटत होतं. मुलं पालकांच्या ताब्यात दिली, जबाब नोंदवले, घडलं तसा अहवाल पाठवला. त्या मुलीबद्दलही त्यात लिहिलं. बाई निलंबित झाल्या आणि शाळा बंद झाली. मुलीचं पुढे काय झालं, हे मला कोणी कळवलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात बालविवाहाची खबर आली. आम्ही वेळेवर पोहोचलो, लग्न थांबवलं, दोन्हीकडच्या मंडळींना ठाण्यात आणलं. नवरी तीच होती. आमच्या महिला शिपायानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. आता लग्न होणार नाही."

मुलगी माझ्याकडे वळली. "मग उद्यापासून मी काय करू, सर?"

खोटं ते खोटंच. अहवाल आजही मी तोच लिहीन. पण लोकांनी काय करू नये हे सांगायला आम्ही सगळे लगेच पोहोचतो, हे मला त्या प्रकरणानं दाखवलं. मग करायचं काय, हे त्या पोरीला सांगायला मात्र त्या भरल्या ठाण्यात एकही जण आला नव्हता.