ढगांचा कोंडवाडा

"मेंढरं कशी हाकतोस, ते दाखव बघू," वकीलसाहेब म्हणाले.

भरल्या हॉलमध्ये म्हणाले. वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, दीडशेक माणसं. टेबलावर हार, नारळ आणि घडी घातलेली शाल. ती शाल माझ्यासाठी होती. मी लिहिलेल्या गोष्टीला बक्षीस मिळालं होतं.

"साहेब, गोष्ट वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"गोष्ट आम्ही वाचली आहे. तुझ्या गोष्टीतला धनगर हाळी देतो ना? ती दे. मंडळींना ऐकू दे."

खुर्च्यांतून हसू फुटलं. मी दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि हाळी दिली. होय, दिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी शूर समजायला नको. मला गोष्टीखाली माझं नाव छापून यायला हवं होतं. त्यासाठी मी जीभ टाळ्याला लावून, मान ताणून, माळरानावर देतात तशी हाळी त्या हॉलमध्ये दिली. माणसं पोट धरधरून हसली. वन्स मोअर आला. मी पुन्हा दिली.

मग वकीलसाहेब शाल घेऊन पुढे आले. माझ्या खांद्यावर नवी घोंगडी होती, बाने मुद्दाम गावाहून आणलेली. लोकरीचा वास आला असावा. ते दोन हात अलीकडेच थांबले आणि शाल माझ्याकडे फेकली. "जा, तिकडे चपलांपाशी बस," म्हणाले. मी जाऊन बसलो.

बा दारातच उभा होता. आत यायला कचरला होता. त्याने सगळं पाहिलं.

आता ती गोष्ट कुठून आली ते सांगतो. आम्ही सांगोल्याकडचे धनगर. बिरोबाच्या जत्रेत माझा बा भाकणूक सांगायचा. अंगात आलं की काठी घेऊन उभा राहायचा आणि पुढल्या सालात काय घडणार ते बोलायचा. पाऊस कुठल्या अंगाला पडेल, रोग कुठून येईल, मेंढरं कुठल्या रानाला न्यावीत. तो बोलत असताना पाटीलसुद्धा तोंड उघडत नसे. उद्याची गोष्ट आज सांगता येते, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बापाच्या घामाघूम तोंडाकडे बघून शिकलो.

मी नऊ वर्षांचा असताना आमची मेंढरं इनामदाराच्या ज्वारीत शिरली. त्याने सगळा कळप कोंडवाड्यात घातला. तीन दिवस पाणी दाखवलं नाही. बा पाया पडायला गेला तर त्याला खांबाला बांधून चाबकाने फोडला. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा निम्मी मेंढरं मेली होती. उरलेली बाच्या हाळीवर धडपडत बाहेर आली, एकमेकांच्या मढ्यांवरून. तो आवाज आणि तो वास माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही. पुढे दुष्काळात कळपच संपला आणि मी सोलापुरात गिरणीत लागलो, मागाखात्यात.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा मी 'ढगांचा कोंडवाडा' लिहिली. शंभर वर्षांनंतरचं सोलापूर. एका मालकाने माळावर लोखंडी भिंतींचा मैलभर लांबरुंद कोंडवाडा बांधलाय. यंत्राने आभाळातले ढग खाली ओढून तो त्यात कोंडतो. जो त्याच्या पायावर डोकं ठेवील, त्याच्या रानावर एक ढग सोडतो. सगळा मुलूख पालथा पडलेला. मग एक म्हातारा धनगर त्या दारापुढे उभा राहतो आणि हाळी देतो. ढग आवाज ओळखतात. भिंती फुटतात. असा पाऊस कोसळतो की मालक, बंगला, यंत्र, सगळं वाहून जातं.

माझी लिहायची रीत बापाचीच. बसून मला काही सुचत नाही. हातात काठी घेऊन उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं, आणि मग बसून बोललेलं कागदावर उतरवायचं. ऐकायला शेजारच्या मागावरचा नरसय्या असे. तेलुगू बोलणारा पद्मसाळी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. भिंती फुटल्या तेव्हा तो उठून उभा राहिला होता. "लई भारी हाय बे," म्हणाला. "छापायला दे की."

दिली. वकीलसाहेबांचं साप्ताहिक होतं, तिथल्या दारावरच्या शिपायाकडे देऊन आलो. आणि तिथेच माती खाल्ली. गोष्टीखाली मी नाव लिहिलं नाही. भाकणुकीखाली कुणी नाव लिहितं का? ती देवाची असते, सांगणारा नुसता उभा असतो. मला वाटलं, गोष्टीचंही तसंच असेल. आमच्यात जे शहाणपण होतं, ते इथे मूर्खपणा ठरलं.

'अज्ञात लेखकाची अद्भुत कथा' म्हणून ती छापून आली. गिरणीच्या दारातल्या चहाच्या दुकानात लोक ती मोठ्याने वाचत होते. ढग खरंच ओढता येतील का, यावर दोघांची हमरीतुमरी झाली. मी कोपऱ्यात बशीतला चहा पीत ऐकत होतो आणि आतून फुटायला आलो होतो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मग साप्ताहिकात आलं की लेखकाने पुढे यावं, वाचनालय बक्षीस देणार आहे. मी पुढे गेलो, गोष्ट आधी उभा राहून कशी सांगतो तेही वकीलसाहेबांना सांगून बसलो. पुढचं सांगितलंच.

हॉलमधून निघालो. मी पुढे, बा मागे, असा चौक ओलांडला. टांग्याच्या अड्ड्यापाशी त्याने काठी माझ्या पाठीत घातली. मी वळलो तर दुसरी कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं.

"म्होरं मेंढरं व्हती का?"

"बा, ऐक तर..."

"म्होरं मेंढरं न्हवती. मंग हाळी कुणाला दिलीस? कुणाला हाकलंस रं? सोताला?"

टांगेवाले धावले, त्याला धरायला लागले. "सोडा. माजा ल्योक हाय," म्हणून त्याने त्यांना झटकलं आणि आणखी दोन घातल्या. मी हात वर केला नाही. आमच्यात उगाच हाळी देत नाहीत. लहान पोरानं खेळात दिली तरी थोबाडीत बसते, कारण खोट्या हाळीला फसलेलं मेंढरू खऱ्या वेळी येत नाही. ज्या हाळीवर मढी तुडवत कळप बाहेर आला होता, ती मी वकिलाच्या करमणुकीला दिली होती. शेवटी बाने माझ्या हातातली शाल ओढली, एका टांग्याच्या घोड्याच्या पाठीवर टाकली आणि पायीच गावाची वाट धरली. कपाळावर ती खूण अजून आहे. मी ती लपवत नाही.

त्यानंतर मी दुसरी गोष्ट लिहिली. खाली ठळक नाव घातलं. छापली नाही. तिसरी लिहिली. तीही नाही. नाव नसलेली गोष्ट अद्भुत होती, आणि नाव आल्याबरोबर त्यांना तिच्यातही लोकरीचा वास यायला लागला.

दोन महिन्यांनी वकीलसाहेबांचं बोलावणं आलं. कचेरीत ते, त्यांचा कारकून आणि एक पैलवान गडी. टेबलावर एका पुस्तकाचं पहिलं पान छापून ठेवलेलं. 'ढगांचा कोंडवाडा'. खाली वकीलसाहेबांचं नाव, पदवीसकट. त्याच्याखाली बारीक टायपात: 'एका अडाणी धनगराच्या तोंडून ऐकलेल्या कल्पनेवरून.' शेजारी एक लिहिलेला कागद आणि शाईचा पॅड.

"इथे अंगठा कर," ते म्हणाले.

"गोष्ट मी लिहिलीय, साहेब."

"तूच सांगितलंस ना, की तू आधी उभा राहून सांगतोस? सांगणारा तू. लिहिणारा मी. अरे, जरा भाषा सुधारली आहे तुझी. उपकार मान."

"मग सही करतो. मला सही येते."

"सही नको. अंगठा."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सही केली तर मी लिहिणारा ठरत होतो. अंगठा केला की मी अडाणी, कागदोपत्री, कायमचा. दोन वेळा हाळी दिली होती, आता तिसरी मागत होते.

"न्हाय," मी म्हणालो. "अंगठा मिळणार न्हाय. माझी गोष्ट परत द्या, न्हाय तर मी कोर्टात जाईन."

वकीलसाहेब हसले. "जा की. तिथे मीच उभा असतो." आणि त्यांनी गड्याकडे पाहिलं.

गड्याने मागून मान धरली. कारकुनाने माझा उजवा हात टेबलावर दाबला आणि अंगठा शाईत बुडवला. मी मूठ वळली. गडी एकेक बोट उकलायला लागला. मी त्याचं मनगट दातात धरलं आणि रक्त तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. त्याने ओरडत माझा अंगठा उलटा मोडला. कट्‌कन आवाज झाला. डोळ्यांपुढे काळं झालं, पण पाय मोकळे होते. टेबल लाथेने उडवलं. शाई वकिलाच्या धोतरावर. डाव्या हाताने तो कागद ओढला, तोंडात कोंबला आणि गड्याच्या रक्तासकट चावून गिळला. मग ते तिघं आणि मी. वकील छडी मारत होते, आणि प्रत्येक फटक्याला "मेंढरू! मेंढरू!" म्हणत होते. मी जमिनीवर होतो, तोंड फुटलं होतं, आणि मी हाळी दिली नाही. दया करा म्हणालो नाही. मला जिन्याखाली फेकून दिलं.

नरसय्याने अंगठ्याला बांबूची कामटी लावून सुताने बांधला. मी विचारलं, "लिवायला येईल का?"

"न्हाय आलं तर डाव्यानं लिव की," तो म्हणाला.

पुस्तक तरीही निघालं. नवा कागद केला असेल, दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा घेतला असेल. अंगठ्यांना काय तोटा. चहाच्या दुकानात एक फिटर ते वाचत होता आणि म्हणत होता, "वकीलसाहेबानं कसलं डोकं चालवलंय!" मी सरळ त्याच्या हातातून पुस्तक ओढलं. दुकानदाराची दौत घेतली, लेखणी दोन बोटांत धरली, वकिलाचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. फिटरने माझ्या कानाखाली वाजवली. मीही त्याला ठेवून दिली. माणसं मधे पडली. नरसय्या ओरडला, "अरे, त्येचीच गोष्ट हाय ती!" फिटर म्हणाला, "मग सांग बघू पुढची." मी शेजाऱ्याची काठी घेतली, उभा राहिलो आणि शेवटपर्यंत सांगितली. भिंती फुटल्या तेव्हा दुकानात कुणी चहा पीत नव्हतं. फिटरने पुस्तक उचललं, माझं नाव बोटाने वाचलं आणि खिशात घातलं.

ती पहिली प्रत. तेव्हापासून हेच चाललं आहे. सोलापुरात हे पुस्तक दिसेल तिथे मी जातो. न्हाव्याच्या दुकानात, मास्तरांच्या घरी, तालमीत. कुणी देतं, कुणी मारतं. वाचनालयातल्या दोन प्रतींवर नाव लिहिताना पकडलं, तेव्हा पुढचे दोन दात गेले. पण नाव लिहून झालं होतं. आजवर एकोणीस झाल्या. इथे मी नाव सांगत नाही. ते त्या प्रतींवर आहे, तिथे जाऊन वाचा.

विसावी प्रत वकिलाची. कातडी बांधणीची आहे, त्याच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात असते. परवा वाचनालयाचा समारंभ आहे आणि तो त्याच पुस्तकातून वाचून दाखवणार आहे. त्याच हॉलमध्ये. मी बाला निरोप धाडला. तो काल आला, काठी घेऊन. या खेपेला तो दारात थांबणार नाही. आम्ही दोघं खुर्च्यांमधून पुढे जाणार. हाळी देणार नाही, कारण पुढ्यात मेंढरं नाहीत. वकिलाच्या हातातून पुस्तक घेणार, त्याच्या टेबलावर ठेवणार आणि त्याच्या देखत, दीडशे माणसांच्या देखत, मोडक्या अंगठ्याने सही करणार. बापाच्या नावासकट, पूर्ण.