बोटीवरचा तिसरा

लढाईच्या दिवसांत निपाणीला वर्तमानपत्र मोटारीच्या टपावरून यायचं आणि माझ्या वखारीत पोचेपर्यंत चार दुकानांत हाताळलेलं असायचं. त्या दिवशी मात्र मोटार थांबताच मी ते हमालाच्या हातून ओढून घेतलं. पहिल्याच पानावर तीन चित्रं होती. वर छापलं होतं, नव्या विमानवाहू जहाजाची समुद्रात चाचणी. जहाजाचं नाव नाही, बंदराचं नाही. चित्रं अशी पुसट, जणू कुणी ओल्या अंगठ्यानं पुसली असावीत.

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या कॅम्पात जाऊन परस्पर आरमारात भरती झाला होता. मला विचारलं नाही. फाटक्या पोत्यावर बसून मी तंबाखूचा धंदा उभा केला, त्याला गादीवर बसवायचं ठरवलं, आणि हा बोटीवर कोळसा ओढायला गेला. ‘विलायतेला नेणार, नव्या मोठ्या बोटीवर घालणार,’ एवढा निरोप रजेवर आलेल्या एका शिपायानं आणला. त्यानंतर सगळं बंद.

भरतीच्या आधीच त्याची सुपारी फुटली होती. मुलगी बेळगुंदीची. तिचा बाप थांबून थांबून कंटाळला होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं विचारायला येणार होता: पोरगा आहे की नाही? नसेल तर सांबऱ्याचं एक स्थळ तयारच होतं. ती सोयरीक मला हातची जाऊ द्यायची नव्हती. माझ्यासाठी तर तो परत येणार नव्हताच. तिच्यासाठी आला तर येईल, एवढीच मला आशा होती.

म्हणून त्या चित्रांना मी तंबाखूचं पान तपासावं तसा भिडलो. पहिल्यात नुसता समुद्र आणि त्यावर एक लांबलचक फळी. दुसऱ्यात तीच फळी बाजूनं, तिच्या एका कडेला शेतातल्या माळ्यासारखं काहीतरी उंच. आईनं चित्र हातभर लांब धरून बघितलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“ही बोट हाय व्हय? खळं सारवून ठिवल्यागत दिसतंया.”

“त्याच्यावर विमानं उतरत्यात, आई.”

“खळ्यात?”

तिसऱ्या चित्रात त्या खळ्याच्या काठावर माणसं ओळीनं उभी होती. माणसं म्हणजे काळे डाग. डावीकडून तिसरा डाग एका पायावर भार टाकून, कोपर बाहेर काढून उभा होता. आमचा धाकटा वखारीतल्या वजनकाट्याजवळ असाच उभा राहायचा, आणि त्यावरून मी त्याला शिव्या घालायचो. आईला तो डाग मी दाखवलाही नव्हता. तिनं बोट ठेवलं ते नेमकं त्यावरच.

“ह्यो बघ. वाळलाय जरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या आधी दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, बेळगावात वकील. आमच्या घरी आले की उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावायचे. तंबाखूचा वास सोसत नाही म्हणे. त्याच तंबाखूवर त्यांच्या लग्नाचा मांडव उभा राहिला होता, हे त्यांना कधी आठवलं नाही. मी एक दिवसही विसरलो नाही.

“कुठला म्हणालात?” त्यांनी अंगठ्यांचे ठसे बघायचं भिंग खिशातून काढलं.

“डावीकडून तिसरा.”

“अण्णा, हा माणूसच नव्हे. दोर बांधायचा खांब आहे.”

“खांब कमरेवर हात ठेवतोय व्हय?”

“त्याची सावली ठेवते.”

मी भिंग हिसकावून घेतलं. बघतो तर भाऊ नाही, खांब नाही, बोटसुद्धा नाही. नुसते ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. तंबाखूचं पान डोळ्याजवळ आणावं तितकं जास्त सांगतं. ओल, वय, कुठल्या रानातलं, सगळं. आयुष्यभर मी त्यावर पोट भरलं. हे त्याच्या उलट होतं. भिंग काढलं की तो परत कमरेवर हात ठेवून उभा.

तेवढ्यात बेळगुंदीचे मामा, म्हणजे मुलीचे वडील, दारात आले. गूळपाणी झाल्यावर मी वर्तमानपत्र घेऊन पार दाराच्या चौकटीपाशी गेलो.

“तिथनंच बघा, मामा. लांबनं चांगलं दिसतंय.”

“किती लांबनं? बेळगुंदीवरनं?” मामा म्हणाले. “गिऱ्हाइकाला माल असाच लांबनं दावता व्हय, अण्णा?”

दाजी रुमालाआड हसले. माझं डोकं फिरलं.

“पोरगी द्यायची नसली तर सरळ म्हणा की! सांबऱ्याच्या पाव्हण्यांची हिर बघून आलाय न्हवं?”

“हिर बघितली, पानीबी पिऊन आलो,” मामा शांतपणे म्हणाले. “पोरीचं वय काय थांबतंय?”

मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि देवीच्या डोंगरावरून आणलेला हळदीचा भंडारा आमच्याच ताटलीत ओतला. आमच्या भागात भंडारा उचलून बोललेला शब्द कोर्टातल्या शपथेहून जड. त्यापुढे दाजींची वकिलीही चालत नाही.

“ह्यो उचलायचा आन् म्हनायचं, ‘त्यो माजा हाय.’ मी थांबतो.”

माझा हात पुढं गेला. मामांनी ताटलीवर पंजा पालथा घातला.

“तुमी नगं, अण्णा. तुमच्या जिभंला बाजार लागलाय. तुमच्या आईनं, आक्कांनी उचलावा.”

कानशिलं तापली. घर माझं, ताटली माझी, भाऊ माझा. मी तोंड उघडायच्या आत आई भिंत धरत पुढं आली. ताटली कुठं आहे ते तिला चाचपून बघावं लागलं. चिमूट उचलून ती दाराकडे, चित्राकडे तोंड करून म्हणाली, “त्यो माजा धाकला हाय. उभा हाय.”

मामांनी तोच भंडारा कपाळाला लावला. “फुडल्या सुगीपातूर थांबतो.” दाजी भिंग पुसत बसले. खांबाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मला हवं ते झालं होतं. तरी मी जेवलो नाही, वखारीत जाऊन नीट रचलेली तंबाखूची बोदं उगीच उलथीपालथी करायला लावली.

लढाई संपली आणि सुगीच्या तोंडावर धाकटा आला, खरंच वाळलेला. मुलगी थांबली होती. लग्नाआधी मी त्याला एकट्याला चित्र दाखवलं.

“ह्या बोटीवर? मी मुंबईच्या गोदीच्या भाईर गेलोच न्हाय, अण्णा.”

“हे आईला सांगितलंस तर तंगडं मोडीन,” म्हटलं.

लग्नाच्या पंगतीत मी मामांना वाढत होतो. राहवलं नाही. वाकून विचारलं, “त्या दिशी माजा हात का अडवला?”

मामांनी भातात आळं केलं. “अडिवला म्हनून बरंच झालं न्हवं?” म्हणाले आणि आमटीसाठी पान पुढं सरकवलं.

मला खोटारडा म्हणाले, की एका खोट्या शपथेपासून वाचवलं? हातात आमटीचं भांडं होतं आणि मागची रांग ओरडत होती, नाहीतर तिथंच पानावरून उठवून जाब घेतला असता.