‘चुलतभाऊ’ ऐवजी ‘जोडीदार’ असे वाचावे

“बाई, ह्यो विलास कोण?”

फोनवर अण्णा होते. अण्णा म्हणजे आमच्या मासिकाचे मालक. निपाणीत त्यांचा छापखाना आहे. मूळ धंदा विड्यांची लेबलं छापायचा. मशीन रिकामं राहू नये म्हणून त्यांनी कधीतरी मुलांसाठी कॉमिक्सचं मासिक काढलं आणि संपादन, लेखन, चित्रं असं सगळं माझ्या गळ्यात घातलं. मी बेळगावात खासबागेतल्या एका खोलीत बसून अंक तयार करते. खाली पॉवरलूम आहे, त्यामुळे फोनवर ओरडूनच बोलावं लागतं.

“विलास म्हणजे दत्तू मास्तरांचा जोडीदार,” मी ओरडले.

“जोडीदार म्हंजे? भागीदारीत काय धंदा काढलाय का?”

“नाही अण्णा. एकत्र राहतात. जोडपं आहे ते.”

अण्णांनी पलीकडे छपाईचं मशीन बंद करायला लावलं.

“दोघं बी गडीच हाईत की ओ,” शेवटी ते म्हणाले.

“हो. तसंच असतं ते.”

इथे थोडं समजावून सांगते. आमच्या कॉमिक्सचा नायक धुकाप्पा. त्याला धुकं होऊन दाराच्या फटीतून आत शिरता येतं. मुळात त्याचं नाव धुराप्पा होतं. तो तंबाखूच्या वखारीचा राखणदार होता आणि त्याचा धूर व्हायचा. पुढे पालक म्हणायला लागले, पोरांच्या पुस्तकात तंबाखू कशाला? तेव्हाही अण्णांनी ‘आता धंदा बुडाला’ म्हणून डोक्याला हात लावला होता. एक अक्षर बदललं, वखारीच्या जागी उसाचा मळा आला, आणि खप होता तेवढाच राहिला.

दत्तू मास्तर हे धुकाप्पाचे मित्र. विज्ञानाचे शिक्षक. जुन्या मागाच्या मोटारीपासून काहीबाही यंत्रं करणारे. चित्रं मी पेन्सिलने काढते आणि प्रकाश त्यावर शाई चढवतो. याला आम्ही इंकिंग म्हणतो. बलून म्हणजे पात्राच्या तोंडाशी असलेला बोलण्याचा फुगा. त्यातली अक्षरंही प्रकाश हातानेच लिहितो, आणि कन्नड आवृत्तीचं भाषांतरही त्याचंच. शाई चढवता चढवता त्याने मास्तरांच्या स्वयंपाकघरात एक जास्तीची कपबशी काढायला सुरुवात केली. मग दाराशी चपलांचा आणखी एक जोड आला. मला वाटलं, जागा भरतोय. पण मुलं अशा गोष्टी सोडत नाहीत. वाचकांच्या व्हॉट्सॲप नंबरवर प्रश्न यायला लागले, की मास्तर तर एकटेच आहेत, मग दुसरी चप्पल कुणाची?

प्रश्न रास्त होता. मी उत्तर लिहिलं. एका चौकटीत दार उघडतं, टॉवेलला हात पुसत एक माणूस येतो आणि मास्तर धुकाप्पाला सांगतात, “हा विलास, माझा जोडीदार.” पुढच्याच चौकटीत पाटबंधाऱ्याचा दरवाजा फुटतो आणि सगळे तिकडे पळतात. बास. मिठ्या नाहीत, गाणी नाहीत. कॉमिक्समध्ये असा माणूस आजवर यायचा तो कमरेवर हात ठेवून, लोकांना हसवायला. बाकी घट्ट चड्डी घालून छपरावर उभे राहणारे गडी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काढतोय, त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. म्हटलं, आपला विलास निदान पायजम्यात आहे.

अण्णांना हे काही पटलं नाही.

“बाई, आमी संस्कारी अंक काढतोय.”

“अण्णा, वरच्या मजल्यावर आपण विडीची लेबलं छापतो.”

“ते येगळं. ते मोठ्या माणसांसाठी हाय. तुमी त्या ‘जोडीदार’च्या जागी ‘चुलतभाऊ’ घाला. चित्र ऱ्हाऊ दे. माझं काय म्हणणं न्हाय, पण एजंट अंक परत धाडतील.”

“आणि कन्नड आवृत्ती? ती छापून गेलीसुद्धा.”

आमच्या छपाईची रीत अशी. रंगांच्या प्लेटा दोन्ही भाषांना एकच असतात. अक्षरं फक्त काळ्या प्लेटेवर. आधी कन्नड छापायचं, मग तेवढी काळी प्लेट बदलून मराठी. अण्णा मराठीचं प्रूफ बघत होते तोवर कन्नडचे गठ्ठे चिकोडी-गोकाकच्या वाटेला लागले होते. त्यात प्रकाशने स्वच्छ लिहिलं होतं, ‘जीवन संगाती’, म्हणजे आयुष्याचा जोडीदार.

अण्णांनी थोडा विचार केला. “कन्नड ऱ्हाऊ दे. आमच्या घरात समदी कन्नडच बोलत्यात. पण वाचतंय कोण?”

मी प्रकाशला सांगितलं. तो ब्रश धूत होता.

“मॅडम, ह्ये मी न्हाय लिव्हणार.”

“अरे, एकच शब्द आहे.”

“त्योच शब्द हाय.”

प्रकाश तसा कमी बोलणारा. चाळिशीचा आहे. महेश नावाच्या बस कंडक्टरबरोबर जवळच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. महेश त्याचा चुलतभाऊ, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. आपण काय, कुणी सांगितलेलं पुढे सांगतो.

“गेल्या साली महेशला ॲडमिट केलंतं,” तो म्हणाला. “आयशीयूच्या दारात नर्स इचारती, तुमी कोण? म्हटलं, चुलतभाऊ. सोडलं आत. दुसऱ्या दिवशी गावाकडनं खरा चुलतभाऊ आला. त्यानं मला ओळखलंच न्हाई. म्हणाला, ह्यो आमच्यातला न्हवं. मग मी भाईर. त्यो आत बसून मोबाईलवर क्रिकेट बघत हुता, आन्‌ मी भाईर बाकड्यावर. महेश शुद्धीवर आला तवा पाणी कुणी पाजलं असंल, सांगा. आता त्योच शब्द माझ्याच हातानं लिव्हू व्हय?”

त्याने ब्रश पुसून डब्यात ठेवले, डबा पिशवीत घातला आणि गेला. मी अण्णांना कळवलं, की प्रकाश लिहिणार नाही आणि मीही लिहिणार नाही.

“बरं,” अण्णा म्हणाले, “माणसं हाईत माज्याकडं.”

ती माणसं म्हणजे लेबल विभागाचा ऑपरेटर. त्याने उभ्या जन्मात विडीच्या लेबलाशिवाय काही जुळवलेलं नव्हतं. त्याने प्रकाशचा शब्द खोडला आणि हाताशी जो फॉन्ट होता त्यात ‘चुलतभाऊ’ टाकला. जाड, गोलमटोल, सावली असलेली अक्षरं. प्रकाशच्या नाजूक हस्ताक्षरात ‘हा विलास, माझा’ आणि पुढे एकदम पाटी लावल्यासारखं चुलतभाऊ. विलास म्हणजे कुठला तरी नवा विडीचा ब्रँडच वाटत होता.

अंक बाजारात गेला. आमच्या भागात घराघरात दोन्ही भाषा वाचणारी माणसं आहेत हे अण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी लावून व्हॉट्सॲपवर फिरायला लागले. कन्नडमध्ये जोडपं, मराठीत चुलतभाऊ. कुणीतरी खाली लिहिलं, ‘भाषा बदलली की नातं बदलतं का?’

मग अण्णांचा फोन. आवाज बसलेला.

“बाई, लगीच या. संघटनेची माणसं येणार हाईत. छापखान्यावर.”

सीमाभागात भाषेसाठी भांडणाऱ्या संघटना आहेत. नाव घेत नाही, कारण सगळ्यांच्याच वर्गणीच्या पावत्या माझ्याकडे आहेत. मी निपाणीची बस पकडली. कंडक्टर महेशच निघाला. मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन प्रकाश. अण्णांना तोंडावर राजीनामा द्यायला चालला होता.

मी दोघांना काय चाललंय ते सांगितलं.

“निपाणीत गाडी थांबती,” महेश तिकिटाचं मशीन सावरत म्हणाला. “मी बी येतो.”

“तू कशाला?” प्रकाश म्हणाला.

“माज्यावरच मीटिंग हाय न्हवं? मग मलाच न्हाय बलवणार व्हय?”

प्रकाश खिडकीबाहेर बघायला लागला. संकेश्वर येईपर्यंत मी हिशोब मांडत होते, आज काय काय जाणार. एक तर दगडफेक, नाही तर प्रकाशची नोकरी. कदाचित दोन्हीही.

छापखान्यात अण्णांनी सगळे अंक लेबलांच्या गठ्ठ्यांखाली दडवून ठेवले होते आणि चहा आधीच मागवला होता. पाच-सहा माणसं आली. पुढारी पांढऱ्या शर्टातला, तरणा. मागे एक म्हातारे तात्या, काठी घेऊन. पुढाऱ्याने दोन्ही अंक टेबलावर आपटले. अण्णांनी हात जोडले.

“चूक झाली. लेकरांच्या अंकात असलं याय नको हुतं. पुढच्या टायमाला...”

“अण्णा, मुद्दा त्यो न्हाय,” पुढारी म्हणाला. “कन्नड वाचकाला ‘जोडीदार’ आन्‌ मराठीला ‘चुलतभाऊ’? कन्नड वाचकाला पुरी गोष्ट, मराठी माणसाला अर्धी? ह्यो सरळ दुजाभाव हाय.”

अण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले. “म्हंजे... तुमाला जोडीदार पायजे?”

“आमाला काय पायजे ते नंतर. आधी सारखं पायजे.”

“मग कन्नडमदी बी चुलतभाऊ करू की पुढच्या अंकात!” अण्णांना एकदम वाट सापडली.

पुढारी विचारात पडला. सारखं तर तेही झालं असतं. मला दिसत होतं, प्रश्न त्याच दिशेने मिटणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी काठी आपटली.

“चुलतभाऊ कसले? आरं, चुलतभाऊ एका घरात इतकी वरसं गुण्यागोविंदानं? माजं चुलतभाऊ बघ. बांधावरनं तीनदा कोर्टात गेलोय. खोटं लिव्हा, पण पटंल असं तरी लिव्हा!”

सगळे हसले. प्रकाश हसला नाही. तो पुढे आला.

“अण्णा, मी काम सोडाय आलतो. त्याआदी एक सांगतो. ह्यो महेश. माजा चुलतभाऊ न्हवं.”

खाकीतला महेश त्याच्या शेजारी उभा राहिला. मग पुढाऱ्याने डोळे बारीक केले.

“तू बेळगाव गाडीचा कंडक्टर न्हवं? स्टॉपची नावं मराठीत पुकारतोस त्यो?”

“कन्नडमदी बी पुकारतो,” महेश म्हणाला.

“पण मराठीत पुकारतोस.”

“व्हय.”

“आपला माणूस हाय ह्यो!” पुढाऱ्याने मागे वळून जाहीर केलं. मागच्या एकाने माझ्याकडे बघत हळूच विचारलं, “म्हंजे ह्ये दोघं... त्ये?” मी मान हलवली. तो म्हणाला, “असू दे. मराठी हाय न्हवं.” तात्यांनी मात्र तोंड वाकडं केलं. “आमच्या टायमाला असलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि महेशकडे बघून, “पर संकेश्वरात मला हात धरून उतरवतोस त्यो तूच काय रं?” महेश हो म्हणाला. तात्या चहा बशीत ओतायला लागले.

समाज बदलतो म्हणतात तो कसा, हे मी त्या दिवशी बघितलं. तत्त्वाने एकही माणूस बदलला नाही. जो तो आपापल्या भांडणाच्या वाटेने तिथे पोहोचला.

राहिले अण्णा. ते प्रकाशकडे वळले.

“दवाखान्यात हुता तवा तू हप्ताभर सुट्टी घेतलीतीस. ती ह्याच्यासाठी?”

“व्हय.”

“मी पगार कापलाता.”

“व्हय.”

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “मला काय ठावं? तू चुलतभाऊ म्हणलास. चुलतभावासाठी कोण येवढी सुट्टी देतंय?” मग माझ्याकडे वळून, “बाई, नीट करून टाका. पर पाटबंधारा परत एकदा फोडा दणकून. लोकांचं ध्यान तिकडं ऱ्हाऊ दे.”

पुढच्या मराठी अंकात शेवटच्या पानावर चौकट आली. ‘शुद्धिपत्र : मागील अंकात “चुलतभाऊ” ऐवजी “जोडीदार” असे वाचावे. मुद्रणदोषाबद्दल क्षमस्व.’ अक्षरं प्रकाशच्या हातची. त्यावर लेबलवाल्या ऑपरेटरने तक्रार केली, की यात त्याचा दोष नव्हता, फॉन्ट चांगला होता.

सगळं गोड झालं असं नाही. संकेश्वरच्या एका शाळेने अंक बंद केला. एका वाचकाने रोज सकाळी शिवी आणि सुप्रभात असं दोन्ही पाठवायचा नेम धरला, अजून मोडलेला नाही. महेशच्या डेपोत महिनाभर टोमणे चालले. पण चपलेबद्दल विचारणाऱ्या मुलांपैकी एकानेही त्या नात्याबद्दल पुढे काही विचारलं नाही. आता त्यांचा प्रश्न होता, विलास धुकाप्पाबरोबर उडणार कधी? कंटाळवाणं पात्र झालं होतं ते, नुसता दार उघडतो म्हणून. त्याला काहीतरी काम द्यावं लागलं. मी त्याला आगीचा बंब चालवायला दिला.

प्रकाश-महेशच्या खासबागेतल्या घरमालकीणबाईंनी मात्र त्या दोघांना खोली सोडायला सांगितली. कारण दिलं, पाहुणे येणार आहेत. ते पाहुणे काही अजून आलेले नाहीत. दोघं नवी जागा बघायला गेले तेव्हा सामान धरायला मीही होते. मालक म्हणजे रिटायर झालेले एक जैन गृहस्थ. प्रकाशने या वेळी आधीच, एका दमात सांगून टाकलं, आम्ही जोडीदार आहोत. मालकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“ते तुमचं तुमी बघा. घरात मटण शिजवणार काय?”

महेशला रविवारी तांबडा रस्सा नसला तर ताप येतो. त्याने शांतपणे सांगितलं, “न्हाय ओ. आमी अंडं बी खात न्हाय.”

खोली मिळाली. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर मला एवढंच कळलंय, की घरमालकाशी एक खोटं बोलावंच लागतं. कुठलं, ते काळाप्रमाणे बदलतं.