मिस्त्रींना न जमलेलं काम

कुवेतच्या महबूल्यातल्या आमच्या इमारतीत आज जी काही शांतता शिल्लक आहे, ती सगळी आमच्या खोलीतल्या मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बनवलेली आहे. हे विधान मी प्रेमापोटी करत नाही, पाहणी करून करतो. लिफ्टचं दार पूर्वी मिटताना इतकं किंचाळायचं की वरच्या मजल्यावरची केरळी नर्स फोनवर बोलता बोलता थांबून लिफ्ट जाऊ द्यायची. आता ते दार मांजराच्या पावलांनी मिटतं. जिन्यातली ट्यूबलाइट गुणगुणत नाही, गच्चीवरचा पंप खोकत नाही, आणि आमचा फ्रिज रबराच्या चार चकत्यांवर असा उभा आहे की तो चालू आहे की बंद, हे कळायला दूध चाखून बघावं लागतं. एकदा मिस्त्रींनी प्रेशर कुकरच्या शिट्टीवरही पितळेची टोपी बसवली. शिट्टी गेली, तिच्याबरोबर शिट्ट्या मोजणं गेलं, आणि सलग तीन शुक्रवार आम्ही वरण म्हणून काहीतरी काळं खाल्लं. मिस्त्रींनी त्यांच्या वाटणीचं काळं निमूट संपवलं आणि विचारलं, "पण आवाज इलो काय?"

मिस्त्री देवगडकडचे. मीना अब्दुल्लाच्या बाजूला वर्कशॉपांची एक लांब गल्ली आहे, तिथे वीस वर्षांहून जास्त काळ ते एकाच लेथवर उभे होते. माझी त्यांची ओळख बनेद अल-गारच्या दवाखान्यात झाली. मी तिथे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ते रक्त द्यायला आले होते आणि मी सुई टोचत असताना त्यांचं लक्ष माझ्याकडे, सुईकडे किंवा स्वतःच्या दंडाकडे नव्हतं. कोपऱ्यात फिरणाऱ्या यंत्राकडे होतं. "ह्याचो एक पाय उणो आसा," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट न्यायला आले तेव्हा खिशात तो उणा भाग घडवून आणला होता. रिपोर्ट मात्र टेबलावर विसरून गेले. आवाजाबद्दल त्यांचं एक मत होतं आणि ते त्यांनी ज्याला ऐकवलं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. "आवाज म्हणजे काय रे? खंयतरी सैल रवलेला काम."

त्यांची दुसरी सवय जास्त गैरसोयीची होती. वर्निअर, म्हणजे माप घ्यायचं ते चिमट्यासारखं अवजार, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी असायचं. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते काम शिकले, त्याने त्यांना एक नियम घालून दिला होता: माप घेतलं म्हणजे काम घेतलं. वस्तूला वर्निअर लागला की शब्द दिल्यासारखं. मग मागे फिरणं नाही. नियम चांगला होता, पण हात नियमाच्या आधी चालायचा. गणपतीच्या कार्यक्रमात भाड्याच्या हॉलमध्ये आरती चालू असताना स्टेजचा एक पाय डुगडुगतोय हे त्यांनी पाहिलं आणि टाळी वाजवता वाजवता खाली वाकून माप घेतलं. दुसऱ्या दिवशी तुकडा बनवून नेला तर स्टेज मोडून परत गेलेलं. मिस्त्री दोन बस बदलून भाडेवाल्याच्या गोदामात गेले, शेकडो पायांतून तो पाय शोधला आणि बसवून आले. आमच्या खोलीतला तिसरा माणूस लातूरचा, एसी दुरुस्त करणारा, आणि घोरण्यात त्याचा हात धरणारा कुवेतमध्ये कुणी नाही. एका शुक्रवारी दुपारी त्याला जाग आली तर मिस्त्री वर्निअर हातात धरून त्याच्या नाकाकडे टक लावून बसलेले. तो ओरडला, "ओ मिस्त्री, काय करायलात? माप घेऊ नका हो माझं, पाया पडतो!"

आम्ही हसलो होतो. पुढे जे झालं ते याच दोन सवयींमुळे झालं.

इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचं गावी जायला मिस्त्रींना अठरा दिवस उरले होते. तिकीट काढलेलं होतं, बॅगेचं वजन दोनदा करून झालं होतं. अशा एका सकाळी वर्कशॉपमध्ये एक माणूस आला. स्वच्छ पांढरा पोशाख, गोड बोलणं, हातात खजुराचा खोका. 'सगळे आवाज बंद करणारा हिंदी' कुठे बसतो हे तो गल्लीत विचारत आला होता. त्याने खोका लेथजवळ ठेवला, वरचा टॉवेल बाजूला केला. आत पिस्तूल होतं. नळीच्या तोंडाला आटे पाडून हवे होते, म्हणजे त्यावर आवाज गिळणारी दुसरी नळी बसेल. वाळवंटात त्याचा तंबू आहे, ससाणे पाळलेत, आवाजाने ते बुजतात, असं त्याने सांगितलं. "सदीक, दोस्त, तुम सब आवाज बंद करता. ये छोटा काम." मिस्त्रींनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं. पण समोर गोल नळी होती. तो माणूस बोलत असताना त्यांचा हात खिशाकडे गेला, वर्निअर निघाला, नळीला लागला आणि तोंडातून आकडा बाहेर पडला. तो माणूस हसला. "तमाम. गुरुवारी आणतो," म्हणाला आणि खोका उचलून गेला.

हे मी पाहिलेलं नाही. मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी सांगितलं आणि पुढे कितीदा सांगितलं तरी त्यात फरक पडला नाही.

"मग नाही म्हणायचं ना!" लातूरकर म्हणाला.

"माप घेतलंय मी."

"अहो मापाला काय करता? जेलात टाकतेत. तिकीट काढून बसलात, अन् हे काय लावलंय!"

"तां माका कळता रे," मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "तेका आवाज कोणापासून लपवचो आसा?"

पोलिसांत जावं असं मी सुचवलं. लातूरकराचं म्हणणं पडलं की गेलं की जबाब, जबाब दिला की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत विमानात बसू देत नाहीत. हे खरं की नाही ते आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला, तेही ठाऊक नव्हतं. त्या माणसाकडे मिस्त्रींचा नंबर होता. मिस्त्रींकडे त्याचं नावसुद्धा नव्हतं. सोमवारी न्हाणीघरातला नळ गळायला लागला. टप, टप. मिस्त्री शेजारच्या खाटेवर जागे होते आणि उठले नाहीत. मंगळवारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, कारण टोपी पडली होती. त्यांनी मान वर केली नाही. बायकोचा फोन आला की आंब्याच्या कलमांना कुंपण घातलं का, मजुरीला माणूस मिळाला का, असं नेहमीसारखं विचारायचे, पण आता तिचं बोलणं संपण्याच्या आधीच "हां, हां" म्हणायचे. जिन्यात पावलं वाजली की त्यांचा घास हातात थांबायचा. इमारतीतल्या सगळ्या चपलांचे आवाज त्यांनीच कमी केलेले असल्यामुळे कोण येतंय हे आम्हालाही ओळखता येईना.

बुधवारी जेवताना मी म्हणालो, "काम माझ्याच्याने होणार नाही, असं सांगायची तुमच्या नियमात सोय नाही का?"

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. "सोय आसा. हातात नाय तर नाय म्हणाचा. पण माका अजून कधी म्हणूचा लागला नाय."

"मग आता म्हणा की," लातूरकर म्हणाला.

"मी नाय म्हटलंय तर तो शेजाऱ्याकडे जातलो. थयसर पाच लेथ आसत."

गुरुवारी ते नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि त्यांना एकटं जाऊ देणं मला बरं वाटेना, म्हणून मी सोबत गेलो. वर्कशॉपचं शटर न उघडता मिस्त्री गल्लीच्या टोकाच्या पंजाबी खराद्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, गेले. एरवी हा गृहस्थ अवघड काम आलं की मिस्त्रींकडे विचारायला यायचा. मिस्त्री त्याला हिंदीत म्हणाले, "एक आदमी आएगा, डिब्बा लेके. वो काम मैंने दूसरे पाइप पे करके देखा. मेरे से नहीं हुआ. आटा बिगड़ गया, टूल भी टूटा. तू हाथ मत लगाना, बदनामी होगी." पंजाबी हातातला चहा विसरला. "उस्ताद, आपसे नहीं हुआ?" मिस्त्री म्हणाले, "नहीं हुआ. उमर हो गई." त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. हात थरथरत होते. ते भीतीने थरथरत होते हे मला माहीत होतं, पंजाब्याला नव्हतं. मग बंगाली, मग बिहारी, मग उरलेले दोघे. पाचही दारांत मिस्त्रींनी तेच वाक्य म्हटलं आणि प्रत्येक दारात त्यांचा आवाज थोडा खाली आला.

माणूस दहाच्या सुमाराला आला. मिस्त्री म्हणाले, "नहीं होगा. मेरे हाथ में नहीं है." त्याने आधी समजावलं, मग चेष्टा केली, मग खोका उचलून शेजारी गेला. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. पाच दुकानांत तो गेला आणि पाच दुकानांतून तसाच बाहेर आला. शेवटच्या दारातून पंजाब्याचा आवाज ऐकू आला, "जो उस्ताद से नहीं हुआ वो मैं क्या करूँगा, भाई?" गाडी सुरू झाली, वळली आणि दिसेनाशी झाली. मिस्त्री लेथच्या ओट्यावर बसले.

गाडी परत आली नाही. मात्र दोन दिवसांत गल्लीभर झालं की मिस्त्रींचा हात गेला. फोरमनने बारीक कामं त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना लोखंडाच्या कडा घासायला बसवलं. बंगाली रोज न विचारता चहा आणून द्यायचा. एकदा मी तिथे गेलो असताना मिस्त्रींनी आधी बनवलेली एक चकती पंजाब्याने त्यांची पाठ वळल्यावर पुन्हा मापून पाहिली, हे मी स्वतः पाहिलं. चकती बरोबर होती. त्याने ती दोनदा मापली. मी मिस्त्रींना म्हणालो, निदान याला तरी खरं सांगतो. "नको," ते म्हणाले. "तेका खरा कळला की गल्लीक कळतला. नि तो मनुष्य खंय गेलो तां आपणाक म्हायत नाय." आणि कडा घासू लागले. अठरावा दिवस आला, विमान वेळेवर सुटलं.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या एका यंत्राचा दांडा झिजला, तो घेऊन मी पंजाब्याकडे गेलो. त्याने काम नीट केलं. माझी ओळख लागल्यावर म्हणाला, "आपके मिस्त्री जैसा कारीगर इस गली में नहीं हुआ. आख़िर में हाथ चला गया बेचारे का." चुकीची माहिती दुरुस्त केल्याशिवाय सोडायची मला सवय नाही. दांडा मी कागदात गुंडाळला आणि म्हणालो, "हां, उमर हो गई थी."