बाहेरची डिस्क

आमच्या नांदेडच्या घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेयरने ओरखडे पडलेल्या डिस्कसुद्धा मुकाट्याने चालवल्या. परवा बहिणीने दुबईहून सिनेमाची नवीकोरी डिस्क आणली, तर टीव्हीवर इंग्रजीत अक्षरं उमटली, की ही डिस्क या प्रदेशाची नाही. मी ती फडक्याने पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच! उलटीसुलटी करून पाहिली, तर आपल्या डिस्कसारखीच गोल, तशीच चकचकीत.

"या डबड्याला कळतं तरी कसं, ही बाहेरची हाय म्हणून?" मी वैतागून विचारलं.

वडिलांची नोकरीची सुरुवातीची वर्षं पुण्यात गेलेली. ते म्हणाले, "तिथं मी 'हो'च्या जागी 'हाव' म्हणलं की सगळं ऑफिस मान वळवून बघायचं. दिसायला मीबी त्यांच्यासारखाच होतो."